घर शोधा, घरमालक सापडेल: बोनेअरच्या उथळ पाण्यातली मॅक्रो फोटोग्राफी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तारकर्ली-मालवण आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट मिळून चाळीसेक डाइव्ह झालेत. क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, ९० मिमी मॅक्रो (लहान जिवांचे जवळून फोटो घ्यायची) लेन्स, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) आणि दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) असा संच आहे. दहा दिवस कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जायचं ठरलंय. तक्रारी तीन: फोटोत पांढरे ठिपके येतात, डोळा सोडून भलतंच काहीतरी शार्प येतं, आणि गाइडने बोट दाखवल्याशिवाय लहान जीव दिसतच नाहीत. शिवाय +१० चं वेट डायॉप्टर (पाण्यात पोर्टपुढे लावायचं जादा भिंग) घ्यावं का, हेही विचारलंय.

डायॉप्टरचा निकाल आधी लावतो: या सहलीसाठी नको. तुमच्या लेन्सने १:१ ला, म्हणजे जीव सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, साडेतेवीस मिलिमीटर रुंदीची चौकट भरते, म्हणजे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढी जागा. बोनेअरला रोज भेटणारे बहुतेक जीव या चौकटीला पुरून उरतात. डायॉप्टर लावलं की फोकसची पट्टी केसाएवढी उरते आणि पोर्ट (हाउसिंगची लेन्सपुढची काच) जिवाच्या अंगावर जातं. डोळा शार्प येत नाही अशी तक्रार असताना भिंगाची ताकद वाढवणं म्हणजे दुखणं वाढवून घेणं. ते पैसे चांगल्या फोकस लाइटवर आणि फ्लोट आर्म्सवर (स्ट्रोब धरणाऱ्या तरंगत्या दांड्यांवर) घाला.

आता जागेबद्दल. बोनेअर व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. चक्रीवादळांचा नेहमीचा रस्ता त्याच्या बराच वरून जातो. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि डायव्हिंग सगळं तिथेच चालतं. अपवाद असतात. नोव्हेंबर १९९९ मधलं लेनी वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं आणि याच निवांत बाजूचं उथळ प्रवाळ त्याने मोडलं. एरवीही कधीतरी वारा फिरतो. तसा फिरला की किनाऱ्यावरून आत जाण्याचा हट्ट सोडायचा.

रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने नाव लिहिलेला दगड दिसला की ती डाइव्हची जागा. टाक्या पिकअपच्या हौद्यात टाकायच्या, गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. गाडीत काही म्हणजे काहीच ठेवायचं नाही, चोऱ्या होतात. आत गेल्यावर वाळू आणि मोडक्या प्रवाळाचं पठार लागतं, साधारण ८-१० मीटरवर कडा येते आणि तिथून उतार ३० मीटरच्या पुढे जातो. बहुतेक लोक पठार घाईने ओलांडून कड्याखाली उतरतात. तुम्ही तसं करू नका. मॅक्रोसाठी बोनेअरचा खरा माल ३ ते १० मीटरमध्येच आहे.

यामागे हवेचा हिशेबही आहे. तिथली नेहमीची टाकी ११.१ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची, भरून सुमारे २०० बार दाबाची. मिनिटाला १५ लिटर हवा घेणारा डायव्हर ६ मीटरवर २४ लिटर वापरतो, म्हणजे ५० बार राखून जवळजवळ ७० मिनिटं मिळतात. १२ मीटरवर तीच हवा ५० मिनिटांत संपते. मॅक्रोत एका जिवापाशी वीस मिनिटं सहज जातात, तेव्हा ही वाढीव मिनिटंच तुमचं भांडवल आहे. पाणी हिवाळ्यात २६ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात २९ अंशांच्या आसपास असतं. ऐकायला ऊबदार वाटतं, पण सत्तर मिनिटं जागचं न हलता काढली की हुडहुडी भरते. थरथरत्या हाताने मॅक्रो होत नाही. ३ मिमीचा पूर्ण सूट घ्या आणि जमलं तर टोपीचं बनियनही.

जीव दिसत नाहीत ही तक्रार नजरेची नाही, पद्धतीची आहे. तुम्ही जीव शोधताय, शोधायचं असतं त्याचं घर. दोन-तीन सेंटिमीटरचे बहुतेक जीव एखाद्या ठरावीक यजमानाला चिकटून राहतात, आणि यजमान हातभर मोठा असतो, तो तीन मीटरवरूनही दिसतो.

सुरुवात स्क्रूसारख्या शुंडकांच्या समुद्रफुलापासून (सी अ‍ॅनिमोन) करा. खडकाच्या फटीतून किंवा वाळूच्या कडेने पारदर्शक, तपकिरी छटेची शुंडकं बाहेर आलेली असतात आणि प्रत्येकावर स्क्रूच्या आट्यांसारखी पांढरी वलयं असतात. एकदा ओळखलं की पठारावर जागोजाग दिसू लागतं. त्यात हमखास पेडरसन क्लीनर कोळंबी असते: काचेसारखं अंग, त्यावर जांभळ्या-निळ्या रेघा, आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. मिशा हलवून ती माशांना बोलावते. याच फुलाच्या बुडाशी बऱ्याचदा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिशांची चाप वाजवणारी कोळंबी दबा धरून असते. ती दिसत नाही, मिशाच दिसतात. जवळपास जाड शुंडकांचं मोठं समुद्रफूल असेल तर त्याच्या कडेला डायमंड ब्लेनी आणि शेपटी वर करून डुलणारी ठिपक्यांची चिमुकली ‘थोर’ (Thor) नावाची कोळंबीही बघा.

पेडरसनला समोरून प्रकाश मारलात तर काच काचेसारखीच दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. एक स्ट्रोब बंद करा. दुसरा बाजूने, किंचित मागून, असा लावा की प्रकाश तिच्या अंगातून तुमच्याकडे येईल, आणि मागे काळोखी फट येईल असा कोन निवडा. मग थांबा. फुलापासून ६०-७० सेंटिमीटर मागे राहिलात तर पाच-दहा मिनिटांत एखादा मासा सफाईला येऊन तोंड उघडून उभा राहतो. उघडा हात पुढे केला की ही कोळंबी नखं साफ करायला हातावर चढते, तसे फोटो खूप फिरतात. उद्यानाचा नियम काहीच न शिवण्याचा आहे, आणि खरं सांगायचं तर तो फोटो सगळ्यांकडे एकसारखाच असतो.

दुसरं घर समुद्रपंखे आणि झुडपांसारखे मऊ प्रवाळ. पंखा जिथे कुरतडल्यासारखा काळा पडलाय, त्याच्या आसपास फ्लेमिंगो टंग गोगलगाय असते, इंच-सव्वा इंचाची. केशरी, काळ्या कडेचे जे ठिपके आपण शंखाचे समजतो ते शंखावर नसतातच. ती तिच्या अंगाची पातळ त्वचा, जी तिने शंखावर दोन्ही बाजूंनी ओढून घेतलेली असते. धक्का लागला की त्वचा आत जाते आणि समोर नुसता फिकट, गुळगुळीत शंख उरतो. ही त्वचा चकचकीत असल्याने स्ट्रोबचा पांढरा डाग पडतो. डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारं झाकण) लावा आणि दोन्ही स्ट्रोब घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी न्या. पंख्याला समांतर राहून फोटो घेतला तर पार्श्वभूमीला पंख्याची जाळी येते. पंख्याच्या कडेवर बसलेली सापडली तर मागे मोकळं पाणी मिळतं, ते जास्त चांगलं. याच मऊ प्रवाळांच्या फांद्यांत सडपातळ फाइलफिश उभी लटकून फांदी असल्याचं सोंग करते. तिच्यासाठी प्रत्येक झुडपापाशी अर्धा मिनिट नुसतं बघत राहावं लागतं.

तिसरं घर मेलेल्या प्रवाळाच्या डोक्यावरची भोकं. पेन्सिलच्या टोकाएवढ्या भोकातून सेक्रेटरी ब्लेनीचं डोकं बाहेर असतं, चार-पाच मिलिमीटर, डोळ्यांवर झिंज्या. ती प्लवक पकडायला झटक्यात बाहेर येते आणि मागे सरकत परत त्याच भोकात जाते. तुमच्या बुडबुड्यांच्या आवाजाने आत गेली तरी हलू नका, मिनिट-दोन मिनिटांत परत येते. भोकाच्या कडेवर फोकस बांधून ठेवा, ती येईल तेव्हा फक्त बटण दाबा. स्नूट (झोत बारीक करणारी नळी) असेल तर तो वापरायची हीच जागा. तीन मीटर खोलीवर मॅक्रोसाठी आडवं झालात की जवळच्या मोहरीच्या रंगाच्या, टोकांना पांढऱ्या पडलेल्या पसाऱ्याकडे लक्ष असू द्या. तो अग्निप्रवाळ. गुडघा टेकला तर दोन दिवस आग होते.

वाळूच्या पट्ट्यात खडे रचून केलेलं, बोटभर रुंद तोंडाचं बीळ दिसलं आणि त्यावर पिवळ्या डोक्याचा, निळसर अंगाचा मासा शेपटीवर उभा तरंगताना दिसला, तर तो यलोहेड जॉफिश. इथे मात्र जरा वेळ काढा. नर अंडी तोंडात सांभाळतो, सुमारे आठवडाभर. जबडा फुगलेला आणि तोंड पुरतं मिटत नसलेला मासा तो. मधूनमधून तो सगळा घोस तोंडाबाहेर फेकून परत आत ओढतो, अंड्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. हा क्षण सेकंदापेक्षा कमी असतो. अंडी पिवळसर असतील तर दिवस पहिले आहेत. अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले की एक-दोन दिवसांत पिल्लं सुटणार, फोटो तेव्हाचा. म्हणून पहिल्याच दिवशी सापडलेल्या नराची खूण लक्षात ठेवा आणि रोज जाऊन बघा. जवळ जाताना दोन मीटरवर वाळूच्या अगदी लगत यायचं, एक वीत सरकायचं, थांबायचं, तो परत वर आला की पुढची वीत. या एका माशाला पंधरा मिनिटं धरा. घाई केलीत तर बिळाच्या तोंडाचा फोटो मिळेल, मासा आतच राहील.

शेवाळलेल्या खडकांवर हिरवट-निळी, झालरदार लेट्यूस गोगलगाय दिवसाढवळ्या फिरत असते. खाल्लेल्या शेवाळातली हरितलवकं (उन्हावर अन्न बनवणारे हिरवे कण) ती पचवत नाही, अंगात साठवते आणि उन्हावर वापरते. म्हणून ती उन्हातच सापडते. ट्यूब स्पंजच्या आत डोकावलं की पिवळ्या रेघेची गोबी, आणि साधारण फटीत अ‍ॅरो खेकडा. खेकड्याचे पाय चौकटीत बसवायच्या नादी लागू नका. त्रिकोणी तोंडाचा जवळून फोटो घ्या, पाय अस्पष्ट झाले तरी चालतात.

समुद्रघोडा आणि फ्रॉगफिश स्वतः सापडण्याची वाट बघू नका, त्यासाठी एक दिवस स्थानिक गाइड घ्या. लाँगस्नाउट समुद्रघोडा बोनेअरला आहे, पण शेपूट गुंडाळून मऊ प्रवाळात असा मिसळतो की ओलांडून जाल. चार-पाच फ्लॅशमध्ये आटपा. तो पाठ फिरवतो, आणि फिरवली की विषय संपला, समोर जायचा प्रयत्न करू नका. नेमकी जागा फोटोखाली लिहू नका. फ्रॉगफिश स्पंजवर बसते आणि रंगाने स्पंजच होते. स्पंजला डोळा आहे का, एवढंच बघत जा.

जागा निवडायच्या तर: सरावासाठी बारी रीफ किंवा समथिंग स्पेशल, दोन्ही वस्तीजवळ, सोपा प्रवेश. सॉल्ट पिअरचे खांब स्पंजांनी मढलेले आहेत आणि उन्हात तिथे मॅक्रो सोडून वाइड अँगलचाच मोह होतो. मिठाचं जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरता येत नाही. राजधानी क्रालेंडाइकचा टाउन पिअर रात्रीचा उत्तम, पण परवानगी आणि गाइडशिवाय नाही. दक्षिणेकडच्या दुहेरी प्रवाळरांगा, एंजल सिटी वगैरे, सुंदर आहेत, पण तुमच्या कामाच्या नाहीत.

आता फोकस. डोळा शार्प येत नाही याचं पहिलं कारण कॅमेरा नाही, तुमचं तरंगणं आहे. क्रॉप सेन्सरवर १:१ ला एफ/११ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, मोठा आकडा म्हणजे बारीक छिद्र) फोकसची जाडी सुमारे ०.९ मिमी, एफ/१६ वर १.३ मिमी. अर्ध्या आकाराला, म्हणजे १:२ ला, एफ/१६ वर जवळजवळ ४ मिमी. श्वास घेतला की तुम्ही दोन-चार सेंटिमीटर वर जाता. सेंटिमीटरमध्ये हलणाऱ्या माणसाने मिलिमीटरमध्ये नेम धरायचा आहे. म्हणून सुरुवातीचे दोन दिवस १:२ वरच काम करा. छिद्र आणखी बारीक करून एफ/२२ च्या पुढे गेलात तर जाडी वाढते, पण विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. एफ/११ ते एफ/१६ मध्ये राहा.

वजनं नीट नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. अ‍ॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना बुडते आणि रिकामी होत आली की तरंगते. दोन्हीत जवळजवळ दोन किलोचा फरक पडतो. डाइव्हच्या शेवटी, ३ मीटरवर, नेमका उत्तम जीव सापडतो तेव्हाच तुम्ही वर ओढले जाता. म्हणून तपासणी डाइव्हच्या शेवटी, टाकीत ४०-५० बार असताना, ४ मीटरवर करा. तरंगण्याच्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढलेली आणि श्वास साधा असताना जागेवर राहता आलं पाहिजे. बोनेअरला पहिल्या डाइव्हआधी माहितीसत्र आणि तपासणी डाइव्ह सक्तीचीच आहे. तिला कॅमेरा नेऊ नका.

हाउसिंगचंही वजन करा. बॅग तोलायच्या काट्याला टांगून गोड्या पाण्याच्या टाकीत सोडा. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं, त्यामुळे सहा लिटर पाणी बाजूला सारणारा संच समुद्रात आणखी दीडशे ग्रॅम हलका होतो. गोड्या पाण्यात २५०-३०० ग्रॅम भरला तर समुद्रात शंभर-दीडशे राहतो, मॅक्रोसाठी तेवढाच बरा. पूर्ण बिनवजनाचा संच हातात डुलतो. किलोभर जड संच मनगट मोडतो, आणि मग माणूस कोपर टेकतो, ते प्रवाळावर.

बोनेअरला हातमोजे वापरायला बंदी आहे. लोकांना जाचक वाटते, मला फार शहाणपणाची वाटते. हातमोजे घातले की माणूस हमखास धरतो. टेकायचंच झालं तर एक बोट, मोकळ्या मृत खडकावर, आणि तेही बघून. स्कॉर्पियनफिश त्याच खडकाच्या रंगाची असते, आणि २००९ पासून इथे लायनफिशही आहे. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. त्या हातावर बधिरपणा असतो, तेव्हा पाण्याचा कढतपणा दुसऱ्या हाताने तपासा.

फोटो काढताना श्वास रोखू नका. जमिनीवरचे मॅक्रोवाले ही सवय घेऊन येतात. उथळ पाण्यात दाब सगळ्यात वेगाने बदलतो. भरलेल्या छातीने नकळत दीड-दोन मीटर वर सरकलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास हळू, सलग सोडत राहा आणि त्या सोडण्यादरम्यान बटण दाबा. तेव्हा शरीर स्थिरही असतं. फोकस मागच्या बटणावर घ्या, एकच बिंदू, डोळ्यावर. मग बटण सोडून शरीराने पुढे-मागे सूक्ष्म झुला घ्या आणि डोळा चमकला की दाबा. एका प्रसंगाला पाच-सहा फ्रेम. ९० मिमी क्रॉपवर अरुंद बघतो, त्यात सपाट पोर्टमागे पाणी चौकट आणखी आवळतं, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये जीवच सापडत नाही असं होईल. फोकस लाइटचा ठिपका आधी जिवावर टाका, मग ठिपका शोधा.

पांढरे ठिपके म्हणजे पोर्ट आणि जीव यांच्यामधल्या कणांवर पडलेला तुमचाच प्रकाश. मालवणला पाणी गढूळ म्हणून ते जास्त दिसतात, पण बोनेअरच्या पंचवीस-तीस मीटर नितळ पाण्यातही येतील, कारण वाळू तुमच्याच पायातल्या फिनने उडते. प्रकाशाचा शंकू या मधल्या पाण्यात न पडता फक्त त्याची कड जिवावर पडली पाहिजे. हे मोजूनच करा. जीव पोर्टपासून १० सेंटिमीटरवर आहे. स्ट्रोबचं केंद्र पोर्टच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर लांब ठेवलं तर जीव स्ट्रोबच्या सरळ रेषेपासून ५६ अंश बाजूला पडतो. शंभर अंशांचा झोत प्रत्येक बाजूला ५०च अंश जातो, म्हणजे जिवावर उजेड पोचतच नाही आणि फोटो काळा येतो. मग आपण स्ट्रोब आत वळवतो आणि मधलं सगळं पाणी उजळून ठिपके बोलावतो. त्यापेक्षा स्ट्रोब पोर्टला जवळजवळ चिकटवा. केंद्रांतलं अंतर ९-१० सेंटिमीटर होतं, जीव ४२-४५ अंशांवर येतो, आणि स्ट्रोब सरळ पुढे ठेवूनच झोताची कड त्याला लागते. स्ट्रोबचं तोंड पोर्टच्या तोंडाच्या पातळीत हवं. मागे राहिलं तर पोर्टचीच सावली पडते, पुढे गेलं तर चौकटीच्या कडेला धुकं येतं. जीव लांब असेल, तीस सेंटिमीटरवर, तेव्हाच आर्म बाहेर पसरवा.

सुरुवातीचं माप: आयएसओ १००, १/२०० सेकंद, एफ/१४, स्ट्रोब पाव ताकदीवर, टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) बंद. पार्श्वभूमी काळी येईल. निळी हवी तर कॅमेरा वरच्या दिशेला करून १/८०, आयएसओ ४००, एफ/११. स्ट्रोबच्या चार एए सेलसाठी निकेल मेटल हायड्राइडचेच सेल वापरा, चारही एकाच वयाचे. एक दमलेला सेल बाकीच्या तिघांना ओढतो आणि फ्लॅश मधेच गाळतो. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते घरीच बघा. बोनेअरची वीज १२७ व्होल्टची आहे आणि पिना अमेरिकन चपट्या.

हाउसिंग बंद करायचं ते वातानुकूलित खोलीतच, तिथली हवा कोरडी असते. बाहेरच्या दमट हवेत बंद केलंत तर पाण्यात शिरताच पोर्ट आतून धुरकटतं. ओ-रिंग (झाकण जलरोधक करणारी रबरी कडी) चिमटीत नीट फिरवून केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा चाचपा. ग्रीस फक्त चकाकी येण्यापुरतं आणि हाउसिंगसोबत आलेलंच. निर्वात पंप (आतली हवा ओढून गळती तपासणारा) असेल तर बंद केल्यावर वीस-तीस मिनिटं ठेवून बघा. इथे एक फसगत होते. २२ अंशांच्या खोलीतून ४० अंशांच्या गाडीत नेलं की आतली हवा सहाएक टक्के फुगते आणि गळती नसताना इशारा वाजतो. सावलीत ओल्या टॉवेलखाली ठेवा, थंड होऊ द्या, मग ठरवा. पाण्यात इशारा आलाच तर पोर्ट खाली करून धरा आणि नेहमीच्याच वेगाने वर या. कॅमेऱ्यासाठी सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा) बुडवू नका. किनाऱ्यावरून शिरताना कॅमेरा फिनआधी हातात घेऊ नका. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फिन चढवा आणि मग जोडीदाराकडून घ्या. जाड तळव्याचे बूट हवेतच, तो किनारा वाळूचा नाही, टोकदार प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे. डाइव्हनंतर अर्धा तास गोड्या पाण्यात, प्रत्येक बटण दाबत. सामाईक टाकीत सोडून जेवायला जाऊ नका, दुसऱ्याचं हाउसिंग तुमच्या पोर्टवर येऊन पडतं.

रात्रीची डाइव्ह किमान दोनदा करा. कोळंब्या आणि खेकडे उघड्यावर येतात. डोळे टॉर्चमध्ये लाल चमकतात, त्यावरूनच सापडतात. फोकस लाइट लाल ठेवला तर ते बिचकत नाहीत. तुमच्यासोबत मीटर-दीड मीटरचे टार्पन मासे फिरतील. ते तुमच्या झोतावर शिकार करतात. झोपलेल्या माशावर झोत रेंगाळला तर पुढच्या क्षणी तो मासा नसतो, म्हणून प्रकाश खडकावर, माशावर नाही. पौर्णिमेनंतर दोन ते पाच रात्रींत, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, चंद्र उगवण्याआधी सगळे दिवे बंद करून पठारावर थांबा. मिलिमीटरभराचे ऑस्ट्राकॉड (कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले जीव) नर पाण्यात निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडत वर जातात. तुमच्या लेन्सने ते येणार नाहीत, कॅमेरा लटकवून ठेवा.

नियमांचं थोडक्यात. किनाऱ्याच्या भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत सगळं सागरी उद्यान आहे, १९७९ पासून. ते स्टिनापा ही संस्था चालवते, निसर्गशुल्क तिच्याकडे ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. रासायनिक कांड्यांचे दिवे चालत नाहीत. प्रवाळाचं मांस झडवणारा स्टोनी कोरल टिश्यू लॉस हा रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळांना तो आधी धरतो. पांढरा सांगाडा आणि जिवंत कातडी यांच्यामध्ये ताजी कड दिसली तर तिथे मॅक्रो करत बसू नका, लांब राहा. रोज संध्याकाळी जॅकेटच्या फुग्यातलं पाणी काढून सामान डाइव्ह सेंटरवरच्या जंतुनाशकात बुडवा. तिथे सांगतील त्या जागा त्या दिवशी टाळा.

दहावा दिवस डाइव्हसाठी धरू नका. रोज तीन-तीन डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास, मी तर २४ च म्हणेन, कोरडं राहायचं आहे. तेवढ्यात सगळं पूर्ण वाळवा. हाउसिंगची मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर विमानातल्या कमी दाबानंतर झाकण उघडता उघडत नाही. स्ट्रोबमधले सेल बाहेर काढा आणि लिथियमच्या बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत घ्या.